हायब्रीड जीप आणि थंडीतला आवाज

बंद पडलेल्या गाडीची मला कधी भीती वाटली नाही. बंद गाडी रस्त्याच्या कडेला उभी असते, आतली माणसं खाली उतरून शिव्या देत असतात, पण धड असतात. भीती वाटायची ती चालू गाडीची. काल नव्हता असा आवाज आज करणारी, आणि तरीही पळणारी गाडी दिसली की मी हातातलं काम टाकून तिच्या मागं बघत राहायचो. सारी उमर मोटार दुरुस्तीत गेली, पण ती भीती काही गेली नाही. गॅरेज बंद करून आता बरीच वर्षं झाली, तरी सकाळी रस्त्यावरून एखादी गाडी वेगळी वाजत गेली की हातातला चहा तसाच राहतो. बायको म्हणते, "गेली ती. प्या आता."

जिंतूरला माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे वर पत्रे, खाली खड्डा आणि बाजूला लिंबाचं झाड. मी मूळचा बोरीचा, लिंगायत घरातला. घरात किराणा दुकान. मी गल्ल्यावर बसावं अशी सगळ्यांची इच्छा होती, पण मला दुकानासमोर थांबणाऱ्या ट्रकांचा नाद. शेवटी परभणीला कादर उस्तादांच्या हाताखाली काम शिकलो. उस्ताद पाना हातात घेऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, "पैले सुन. हात बाद में काले कर." गिऱ्हाईक आलं की आधी त्याला आवाज तोंडानं काढून दाखवायला लावायचे.

ही सवय मीही उचलली. त्यामुळं माझ्या गॅरेजात दिवसभर मोठी मोठी माणसं कुकरच्या शिट्ट्या मारत, रेडकासारखी हंबरत उभी असायची. पाथरीचा एक कापडवाला होता. त्याची जीप थंडीत सकाळी बाईसारखी रडते म्हणून त्यानं तिच्यावरून लिंबं उतरून टाकली होती, जोगवा मागणाऱ्या बाईला साडी दिली होती. पंख्याचा पट्टा सैल होता आणि दवानं ओला व्हायचा, एवढंच. मी पट्टा ओढून दिला तर माणूस नाराज झाला. "एवढंच? मग ती साडी कशापायी दिली मी?"

त्याचीही जीप हायब्रीडच. हा शब्द बाहेरच्या वाचकाला सांगायला हवा. त्या काळी सरकारी खात्यांच्या जुन्या पेट्रोल जीपा लिलावात निघायच्या. घेणाऱ्याला जीप परवडायची, पेट्रोल परवडायचं नाही. मग तिचं मूळ इंजिन काढायचं आणि मोडीत निघालेल्या एखाद्या टेम्पोचं डिझेल इंजिन तिथं बसवायचं. इंजिन एका जातीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या जातीचा. दोघांची भोकं जुळायची नाहीत. म्हणून मधे लेथवर कातून घेतलेली जाड लोखंडी प्लेट घालायची. ह्या कामात माझा हात बसला होता आणि लोक लांबून जीपा घेऊन यायचे. आमच्याकडं तोवर हायब्रीड ज्वारी घरोघरी पोचलेली. पिकायची भरपूर, पण भाकरीला चव नाही म्हणून म्हातारी माणसं नाक मुरडायची. ज्यात दोन जाती मिसळल्या ते सगळं हायब्रीड असं मग लोक म्हणायला लागले, आणि आमच्या जीपांनाही तेच नाव पडलं.

हायब्रीड जीप पैसे मिळवून द्यायची, पण डिझेलचं इंजिन पेट्रोलपेक्षा जड आणि हादरणारं. मूळ जीप त्याच्यासाठी बनलेलीच नव्हती. इंजिन ज्या रबराच्या ठोकळ्यांवर टेकतं त्यांना आम्ही फाउंडेशन म्हणतो. हादरा तिथं जिरतो. त्यात आमच्या परभणी जिल्ह्याची थंडी. उन्हाळा पाहून गेलेल्या माणसाला ती खरी वाटत नाही. पौष महिन्यात सकाळी पाण्याच्या हौदात हात घालवत नाही. ऑइल गुळाच्या पाकासारखं घट्ट होतं. हवा ओढायच्या तोंडाशी रॉकेलचा पेटता बोळा धरल्याशिवाय इंजिन धरत नाही, आणि धरलं की असं काही खोकतं की अर्धा गाव जागा होतो. म्हणून थंडीत हायब्रीडनं आवाज केला तर कुणी लक्ष द्यायचं नाही. मीच लोकांना सांगायचो, हायब्रीड हाय, खोकणारच.

मुरलीधरलाही मी आधी हेच सांगितलं होतं.

मुरलीधर चारठाण्याच्या पलीकडच्या एका वाडीचा. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही; तिथली माणसं अजून आहेत. हा शेतकरी घरातला धाकटा. जमीन थोरला भाऊ बघायचा, हा जीप चालवायचा. ती मीच बनवून दिलेली. रोज सकाळी वाडीतून माणसं भरून चारठाण्यावरून जिंतूरला यायचा, संध्याकाळी परत. विद्यापीठाच्या नामांतराची बोलणी शेवटाला आली होती, तो हिवाळा. एक दिवस त्यानं जीप गॅरेजसमोर उभी केली.

"आप्पा, सुमन म्हनायली, जीप आवाज करायली."

सुमन म्हणजे त्याची बायको.

"कसला आवाज?"

"बोटं मोडल्यावानी. कट्, कट्. सकाळी जीप काढताना. मला तर धडधडीत काय आयकू येत न्हाई. ती भिंतीपाशी उभी ऱ्हाती, तिला येतंय."

मी बॉनेटवर कान ठेवला, खड्ड्यात उतरलो, चक्कर मारून आणली. काही नाही. जिंतूरला येईपर्यंत इंजिन तापलेलं असायचं आणि आवाज वाडीतच राहिलेला असायचा. मी म्हणलं, "हायब्रीड हाय, खोकणारच. वहिनींना भास होत असंल."

"तिला? म्हैस रवंथ करायची थांबली तरी तिला चुलीपाशी कळतंय."

थोड्या दिवसांनी तो परत आला. सुमनवहिनी रोज म्हणत होत्या. आता मात्र मला झोप लागेना. कारण कट् असा आवाज करू शकेल असं त्या जीपमध्ये पहिलं काय असेल, तर ती प्लेट, माझी प्लेट. ती तडकली असेल तर? चालत्या गाडीत तुटली तर इंजिनामागचं जड चाक फरशी फोडून आत येऊ शकतं. मी गिअरबॉक्स उतरवला. प्लेट धड, बोल्ट घट्ट. इंजिनाचे बेअरिंग बघितले. तेही धड. सगळं परत बसवलं तेव्हा मुरलीधर खूश झाला आणि मी जास्त घाबरलो. बिघाड सापडला की माणूस सुटतो. सगळं ठीक आहे आणि आवाज आहे, ह्याच्यासारखं वाईट काही नाही.

"जीप रातभर माझ्याकडं ठेव. सकाळी गार असताना ऐकतो."

"कशी ठेवू आप्पा? सकाळची माणसं कोन आनंल?"

"मग मीच येतो. संक्रांत झाली की येतो."

आणि संक्रांतीलाच नामांतराचं जाहीर झालं. रेडिओवर ऐकलं. जिंतूरच्या बाजारात काही दुकानं उघडलीच नाहीत. कुणी पेढे वाटले म्हणे, कुणी टायर जाळले म्हणे. खरं काय, खोटं काय, कळायला मार्ग नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटे बायको म्हणाली, "आज कशाला जाताव?" पण मला आवाजाशिवाय काही सुचत नव्हतं. मी दिवस उगवायच्या सुमारास मोटारसायकल काढली. कानाला मफलर, हाताला मोजे, तरी बोटं बधिर. रस्ता मोकळा होता. इतका मोकळा की मला बरं वाटेना. एसटी नाही, बैलगाडी नाही, डोक्यावर भारा घेतलेली बाई नाही.

मुरलीधरच्या अंगणात पोचलो तर ओसरीवर माणसं बसलेली. वाडीच्या शाळेतल्या भालेरावबाई, त्यांची सासू आणि मांडीवर शालीत गुंडाळलेली छोटी पोरगी. बाजूला एक पिशवी. भालेरावबाईंचे मालक नोकरीला बाहेरगावी होते. वाडीत ह्या तिघीच राहायच्या, बौद्धवाड्याच्या तोंडाशी. मुरलीधर माझ्याजवळ आला आणि हळू म्हणाला, "आप्पा, बाईला जिंतूरला भावाकडं सोडायचंय. एसटी आली न्हाई. तुमचं ऐकून झालं की निघतो."

"काही झालं का?"

"झालं न्हाई. पर दोन दिस झाले, बाई दुकानावर गेल्या की मान्सं बोलायची थांबायलीत."

मी म्हणलं, "आधी चालू तर कर."

पेटता बोळा धरला. इंजिन दोनदा फुसफुसलं, मग धरलं. काळा धूर निघाला. मुरलीधर जीप मागं घ्यायला लागला, स्टेअरिंग फिरवलं, आणि मी ऐकलं. कट्. परत फिरवलं. कट्. सुमनवहिनी दारातून माझ्याकडं बघत होत्या. मी मान हलवली. त्यांच्या तोंडावर आनंद दिसला नाही. आपलं खरं निघालं म्हणून उलट जास्तच काळजी दिसली.

मी पोतं टाकून जीपखाली शिरलो. सगळ्या तळाला वाळलेला चिखल लिंपलेला. हाताला लागले ते सगळे बोल्ट घट्ट. खरवडायला वेळ हवा होता. तोवर इंजिन तापत गेलं आणि आवाज विरत विरत बंद झाला. मी बाहेर आलो तर सगळी माझ्याकडं बघत उभी.

"सांगा आप्पा," मुरलीधर म्हणाला. "न्यायची का न्हाई?"

भालेरावबाई ओसरीवरून खाली आल्या. उंच, सडपातळ, आवाज शांत. "आवाजाची भीती किती आहे, आप्पा?"

"ठावं न्हाई, बाई. ठावं असतं तर भीती कमी असती."

"इथं थांबायची किती आहे, तेही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत मी सातवीत होते. आमच्या गावी. तेव्हा आमचे वडील म्हणाले होते, काही होत नाही, थांबू."

सासूनं पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडं बघितलं. मी म्हणलं, "हळू चालव. मी संगं येतो. माझी फटफटी ऱ्हाऊ दे इथंच."

तेवढ्यात सुमनवहिनी आतून नवं लुगडं नेसून आल्या आणि सरळ जीपच्या पुढच्या सीटवर बसल्या.

"तू कुठं चाललीस?" मुरलीधर म्हणाला.

"जिंतूरला. बांगड्या भरायच्यात."

"आज दुकानं बंद असतील."

"मग उघडस्तोवर बसते."

त्या कडेच्या बाजूला बसल्या, तोंड उघडं ठेवून, बाहेरून कुणालाही दिसेल अशा. मुरलीधरची बायको गाडीत आहे हे गावाला दिसावं, एवढ्यासाठीच त्या बसल्या होत्या. ते सगळ्यांना कळलं. मी मागं बसलो, बाईंच्या समोर. जीप गावातून निघाली. शेकत बसलेली माणसं उठून बघायला लागली. एकानं विचारलं, "मुरल्या, कुठं रं?" सुमनवहिनीच बोलल्या, "बांगड्या भरायला, मामंजी." तो माणूस परत खाली बसला. बाई समोर बघत होत्या, मान ताठ ठेवून. त्यांचा हात मात्र पोरीच्या पाठीवर एकसारखा फिरत होता.

वाडी मागं पडली. मला आता दोन आवाज ऐकायचे होते, एक खालचा आणि एक रस्त्यावरचा. ओढ्याच्या अलीकडं मुरलीधरनं एकदम ब्रेक दाबला. रस्त्यावर आख्खी बाभळ तोडून आडवी टाकलेली होती. काट्यांसकट, पानं अजून हिरवी.

"येताना तुमाला दिसली न्हाई?" त्यानं विचारलं.

"नव्हती," मी म्हणलं.

आजूबाजूला कुणी दिसत नव्हतं. कुणी उभं असतं तर बोलता तरी आलं असतं. बाभळीच्या पलीकडं धुकं, अलीकडं आम्ही. सासूबाई पुटपुटायला लागल्या. मुरलीधरनं जीप मागं घेतली आणि डाव्या हाताला शेतातून जाणाऱ्या गाडरस्त्यात घातली. तो ओढा खालच्या अंगानं ओलांडून पुढं परत डांबरीला लागायचा.

गाडरस्ता म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या. जीपचं एक चाक वर, एक खाली. जीप पिळवटून चालली होती. आणि तो आवाज परत आला. इंजिन तापलेलं असताना आला. कट्. मग लगेच कट्, कट्. थंडीचा आवाज ऊब आल्यावर जायला हवा होता.

सुमनवहिनी मागं वळल्या. "आप्पा, पायाखाली व्हायलंय. ह्यांच्या डाव्या पायाच्या खाली."

"थांबव," मी म्हणलं.

"इथं नको," भालेरावबाई पटकन म्हणाल्या. "इथं थांबू नका, मुरलीभाऊ."

मुरलीधरनं आरशातून माझ्याकडं बघितलं. त्याची मान हलत नव्हती, नुसते डोळे. पुढं ओढ्यात उतरणारा तीव्र उतार दिसत होता. मागं ती बाभळ. मी म्हणलं, "बाई, तुमचं बरोबर हाय. पर उतारावर काही झालं तर आपल्या हातात काहीच ऱ्हानार न्हाई. मला थोडा वेळ द्या."

त्यांनी पोरीला छातीशी धरलं आणि डोळे मिटून मान हलवली.

जीप ज्वारीच्या कडेला उभी राहिली. मी बॉनेट उघडलं आणि डाव्या अंगाला खाली झोपलो. चिखलाचा थर गाडरस्त्याच्या हिसक्यांनी निखळून पडला होता. जीपच्या तळाला जो लोखंडी सांगाडा असतो त्याला चेसी म्हणतात. ह्या जुन्या जीपांचं स्टेअरिंग डावीकडं असायचं, म्हणून डाव्या बाजूच्या चेसीवर स्टेअरिंगचा बॉक्स बसवलेला असतो. चालकानं फिरवलेलं स्टेअरिंग तिथून चाकांना वळवतं. त्या बॉक्सच्या अगदी मागं लोखंडावर लाल भुकटीची एक बारीक रेघ होती, कुंकवाची असते तशी. मी बोटानं पुसली. खाली फट होती.

"मुरली, स्टेअरिंग फिरव. हळू."

त्यानं फिरवलं. फटीनं तोंड उघडलं. मिटलं. कट्. चाक वळायच्या आधी स्टेअरिंगचा बॉक्सच जागेवरून हलत होता. चेसी तुटत आली होती. ओढ्याच्या उतारावर ती तुटली असती तर मुरलीधरच्या हातात स्टेअरिंग राहिलं असतं आणि चाकं त्यांना वाटेल तिकडं गेली असती. मी फटीवरून परत एकदा बोट फिरवलं.

"सापडलं का?" मुरलीधर.

"सापडलं."

"मंग?"

"मंग साखळी पायजे. जाड."

साखळी जीपमध्ये नव्हती. मी उठून बघतो तर ज्वारीतून एक म्हातारी येत होती. हातात पाखरं हाकायची गोफण, डोक्यावर घोंगडीची खोळ. ती आमच्याकडं न बघता जीपच्या मागच्या भागाकडं बघत होती.

"काय झालं रं?"

"गाडी मोडली, आजी. बैल बांधायची साखळी आसंल का?"

"कोन हाय गाडीत?"

त्या क्षणी खोटं बोलावं की खरं, हे मुरलीधरला आणि मला ठरवता येईना. भालेरावबाई स्वतःच खाली उतरल्या.

"मी आहे, आजी. शाळेतली बाई. घरच्यांना घेऊन जिंतूरला चाललेय."

म्हातारी त्यांना न्याहाळत राहिली. गोफण तिच्या हातात हलत होती.

"आमच्या गंग्याला तूच शिकवितीस का?"

"गंगाधर? हो. तिसरीत आहे."

"वाचत न्हाई मेला."

"वाचतो आता. हळू वाचतो, पण वाचतो."

म्हातारी वळली आणि ज्वारीत दिसेनाशी झाली. कुणाला बोलवायला गेली का, हा विचार आम्हा सगळ्यांच्या डोक्यात एकदमच आला असावा, कारण मुरलीधर जाऊन स्टेअरिंगवर बसला आणि बाईही आत चढल्या. मी टॉमी, म्हणजे जॅक फिरवायची लोखंडी दांडी, हातात धरून उभा होतो. ती कशासाठी धरली होती ते माझं मलाच विचारायचं धैर्य नव्हतं.

खळखळ आवाज आला. म्हातारी साखळी ओढत घेऊन येत होती.

"बैल मोकळा सोडलाय," ती म्हणाली. "बांदायला दुसरं काय न्हाई. लौकर आनून द्या."

मी साखळी चेसीभोवती आणि बॉक्सच्या पट्टीभोवती गुंडाळली, बाभळीची एक ढलपी फटीच्या वर ठोकली आणि टॉमीनं साखळीला पीळ देत गेलो, फट मिटेपर्यंत. मग टॉमी तारेनं बांधून टाकली. अशी गाडी चालवावी असं मी कुणाला सांगणार नाही. मी स्वतः डाव्या मडगार्डवर बसलो, बॉनेट काढून मागं ठेवलेलं, डोळे त्या साखळीवर. मुरलीधर पहिल्या गिअरमध्ये ओढ्यात उतरला. पाणी थोडंच होतं. चढताना साखळी करकरली आणि मी हात वर केला, पण तो थांबला नाही, आणि बरं झालं थांबला नाही. डांबरीला लागल्यावरही वेग वाढवू दिला नाही. पुढं चारठाण्याच्या वळणावर पोलिसांची गाडी दिसली तेव्हा सासूबाई रडायला लागल्या. तोवर त्यांनी धीर धरला होता.

जिंतुरात भावाच्या दारात बाई उतरल्या. सुमनवहिनींचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यांच्या जुन्या बांगड्यांकडं बघत राहिल्या. वहिनी म्हणाल्या, "भरते की. आज न्हाई तर उद्या."

गॅरेजात जीप खोलली तेव्हा कारण कळलं. ती आमच्याकडं यायच्या आधी कधीतरी जोरात धडकली होती. कुणीतरी त्या जागी वेल्डिंग मारून वरून रंग दिला होता, आणि रंगाखाली सांधा दिसत नव्हता. थंडीनं फाउंडेशनचं रबर दगडासारखं कडक झालं की इंजिनाचा सगळा हादरा त्या सांध्यावर यायचा. गाडी तापली की रबर मऊ पडायचं आणि आवाज जायचा. तसं होत होत फट वाढली. प्लेट माझी होती, सांधा दुसऱ्याचा होता. पण ह्या गोष्टीनं मला म्हणावा तसा धीर आला नाही. माझ्या हातच्या किती जीपा तालुक्यात फिरत होत्या. म्हातारीची साखळी परत दिली, फटफटी आणली, आणि त्या हिवाळ्यात मी पहाटे उठून गावोगाव जायचो आणि लोकांच्या अंगणात थंड जीपा चालू करायला लावून भिंतीपाशी उभा राहायचो. लोक हसायचे. दोन जीपांच्या चेसीला पट्ट्या मारल्या. हसणारे मग हसायचे बंद झाले.

मुरलीधरची जीप अजून खोललेलीच होती तेव्हा भालेरावबाई गॅरेजात आल्या. वातावरण निवळलं होतं. एसटी सुरू झाली होती.

"जीप कधी होईल, आप्पा?"

"होईल चार-आठ दिवसांत. कामून?"

"सोमवारपासून शाळेत जायचंय."

"मग एसटी हाय की आता."

त्यांनी खड्ड्यात वाकून चेसीकडं बघितलं. म्हणाल्या, "सगळे उठून बघत होते, तेव्हा मी त्या जीपमधून गेले. परत जाताना त्याच जीपमधून जायचंय. तेव्हाही बघू दे सगळ्यांना."

मी वेल्डरला दुपारीच बोलावून घेतलं. जुना सांधा कापला, आतून-बाहेरून जाड पट्ट्या लावल्या, नवी रबरं टाकली. रविवारी संध्याकाळी जीप तयार होती, आणि सोमवारी सकाळी मीही निघालो. काम माझं होतं, म्हणून. खरं तर भीती वाटत होती, म्हणून.

जीप गार होती. बोळा पेटवला, इंजिन धरलं. मुरलीधरनं स्टेअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. नुसती डिझेलची धडधड. बाई पुढं बसल्या. पोरगी आणि सासू भावाकडंच राहिल्या होत्या. ओढ्याजवळ रस्त्याच्या कडेला ती बाभळ वाळून पडली होती. कुणीतरी फांद्या जळणाला नेल्या होत्या.

मला वाटलं होतं, जीप सरळ शाळेच्या दारात जाईल. पण गावात शिरल्यावर बाईंनी मारुतीच्या देवळासमोर थांबवायला सांगितली. तिथं शेकोटीभोवती माणसं होती. त्या उतरल्या, साडी सारखी केली, पिशवी खांद्याला लावली आणि शाळेच्या दिशेनं चालायला लागल्या, माणसांच्या समोरून, घाई न करता. कुणी उठलं नाही. एकानं आपलं पसरलेलं पाऊल मागं घेतलं, वाट द्यावी तसं.

मुरलीधरचा हात गिअरवर होता. इंजिन चालूच होतं. त्यानं मला हळूच विचारलं, "बंद करू का?"

मी शेकोटीपाशी बसलेल्या माणसांकडं बघितलं. मग म्हणलं, "कर."

त्यानं बंद केलं. बाई वळणापलीकडं गेल्या. आम्ही दोघं जीपमध्ये बसून राहिलो, माणसं शेकोटीपाशी बसून राहिली, आणि सगळेच कान देऊन होते. बऱ्याच वेळानं शाळेची घंटा वाजली.